डेकला चार मेथड जोडल्या आणि टाकीत उणे दोन सेंटिमीटर पाणी आलं

सकाळी सव्वासहाला चेअरमनकाकांचा फोन. एवढ्या सकाळी त्यांचा फोन म्हणजे एकतर लिफ्ट अडकलीये किंवा पाणी नाहीये, आणि लिफ्टशी माझा काही संबंध नाही. "अगं, ग्रुपवर तुझ्या त्या यंत्राचा मेसेज आलाय, टाकी रिकामी होतीये म्हणून. वॉचमनला वर पाठवला, तो म्हणतो अर्ध्याच्या वर भरलीये. आणि पेजवर तर उणे दोन दिसतंय. उणे दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे नक्की काय गं?"

मी अर्धवट झोपेत "सेन्सरवर पाणी उडालं असेल काका" असं काहीतरी ठोकून दिलं. सेन्सर बिचारा शंभर टक्के बरोबर होता. चूक माझी होती, आणि तीसुद्धा हौसेने केलेली, कारण पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला डेक (आयटमची एक रांग, पुढे सांगते) मला जरा अपुरा वाटला आणि मी त्याला सुधारायला गेले.

आधी सेटप सांगते. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला आतून एक वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलाय. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, जो आपल्याला ऐकू येत नाही, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरायचा, जाऊन-येऊन म्हणून भागिले दोन, आणि ते अंतर टाकीच्या उंचीतून वजा केलं की पाण्याची पातळी. शेजारी डब्यात एक रास्पबेरी पाय, म्हणजे एवढासा कॉम्प्युटर. दर ५ सेकंदांनी एक रीडिंग. आता पाणी काही स्थिर नसतं, पंप चालू असला की लाटा, वरून पडणारी धार, मधूनच एखादं रीडिंग भलतंच, म्हणून एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, शेवटची ६० रीडिंग म्हणजे ५ मिनिटांची खिडकी ठेवायची आणि तिची सरासरी दाखवायची. सरासरी ३० सेंटिमीटरच्या खाली गेली की ग्रुपवर मेसेज.

शेवटच्या ६० गोष्टी लक्षात ठेव म्हटलं की पायथनवाला माणूस डोळे झाकून कलेक्शन्स मॉड्यूलमधला डेक काढतो. (याचा उच्चार डेकच, टेप डेकमधला डेक. आमच्या जुन्या टीममध्ये एकजण मीटिंगमध्ये कायम डी-क्यू म्हणायचा आणि कोणीच त्याला सांगितलं नाही, मीपण नाही.) डबल-एंडेड क्यू म्हणजे दोन्ही टोकांनी आतबाहेर करता येणारी रांग, जुन्या पीएमटीच्या बससारखी, कंडक्टर कितीही ओरडला तरी लोक दोन्ही दारांनी चढायचे आणि दोन्ही दारांनी उतरायचे, मधल्यांचे मात्र हाल. डेकचंही तसंच आहे, टोकांना सगळं झटपट, मधे शिरायला वेळ.

हे मधल्यांचे हाल नक्की किती ते एकदा बघण्यासारखं आहे. डेक आतून ६४-६४ जागांच्या ब्लॉकची साखळी आहे, प्रत्येक ब्लॉक पुढच्याला आणि मागच्याला जोडलेला. टोकाला काही टाकायचं तर शेवटच्या ब्लॉकात जागा असली की टाकलं, नसली तर नवा ब्लॉक जोडला, बाकी कोणाला हलवायचं नाही. लिस्टमध्ये पहिला आयटम काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतात, इथे ते नाही. पण मधला आयटम हवा असेल तर जे टोक जवळ असेल तिथून ब्लॉक मोजत जावं लागतं. १०,००० आयटमच्या डेकमध्ये बरोब्बर मधला हवा असेल तर ५,००० भागिले ६४, म्हणजे ७८ उड्या. १० लाखांच्या डेकमध्ये साधारण ७,८०० उड्या. माझ्या ६० रीडिंगच्या डेकमध्ये शून्य किंवा एक. हा आकडा लक्षात ठेवा, कारण मी पुढे जो शहाणपणा केला तो करताना तो माझ्या लक्षात नव्हता.

डेक पायथनमध्ये २.४ पासून आहे, म्हणजे २००४, रेमंड हेटिंजरने लिहिलेला, थेट सी या भाषेत. हे सी मध्ये असणं या गोष्टीतला खलनायक आहे, पण त्याकडे नंतर येते. मॅक्सलेन (जास्तीत जास्त लांबी) आलं २.६ मध्ये, आणि माझ्या मते डेकमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. मॅक्सलेन ६० दिलं की ६१वा आत आला की पहिला आपोआप बाहेर, ना एरर, ना वॉर्निंग, ना निरोप. ही शांतता कधी वरदान असते आणि कधी डोक्याला ताप.

आता मला काय खुपत होतं ते. एक, आयटम न काढता नुसतं डोकावून बघायची मेथड (डेकला जोडलेलं फंक्शन) नाही. जावावाल्यांकडे पीकफर्स्ट, पीकलास्ट वगैरे सगळा थाट आहे, इथे म्हणे शून्य आणि उणे एक इंडेक्स (जागेचा नंबर) वापरा. वापरते, पण डेक रिकामा असेल तर इंडेक्स एरर, मग दर वेळी आधी रिकामा आहे का बघा. दोन, स्लाइस, म्हणजे मधला तुकडा मागणं, चालत नाही. लिस्टसारखा कोलन घालून तुकडा मागितला की टाइप एरर, इंडेक्स पूर्णांक पाहिजे, स्लाइस नको. तीन, बाहेर पडलेला आयटम हातात येत नाही, आत ढकलल्यावर कोण पडलं ते डेक सांगतच नाही. चार, एकदम पन्नास काढा असं म्हणता येत नाही, पॉपलेफ्ट (डाव्या टोकाचा आयटम काढणारी मेथड) एकेकच काढतं.

या चारही गोष्टी एका कॉफीत उरकतील असं वाटून एका रविवारी मी सबक्लास, म्हणजे डेकचं सगळं घेऊन वर भर घालणारा माझा क्लास, लिहायला बसले. कोड इथे चिकटवत नाही, मोबाईलवर वाचताना इंडेंटेशनची पार वाट लागते, तोंडीच सांगते, एवढं अवघड नाहीये.

नावं मी मराठीत ठेवली. हो, चालतं. पायथन ३ पासून व्हेरिएबल, फंक्शन, क्लास सगळ्यांची नावं देवनागरीत देता येतात, ऑफिसच्या कोडमध्ये केलं तर रिव्ह्यूमध्ये मारतील पण टाकी आपली, पाय आपला. क्लासचं नाव टाकीडेक. मेथड: पुढचा, मागचा, ढकल, काढ_इतके. सुरुवातीला "दुसऱ्या_टोकाचा" अशीही एक होती आणि तिच्यात अर्धा तास गेला, कारण माझ्या कीबोर्डवर "दुसऱ्या"मधला तो अर्धा र टाइप करताना मधे एक न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर जातो, आणि पायथनला तो नावात अजिबात खपत नाही, सिंटॅक्स एरर, न दिसणारं अक्षर आहे म्हणे. स्क्रीनवर दोन्ही "दुसऱ्या" डिट्टो सारखे. शेवटी मेथडचं नावच बदललं. मराठीत कोड लिहायचा तर ऱ्या आणि ऱ्हा पासून लांब राहायचं, एवढा अनुभव घ्या माझ्याकडून. आणि नंबर मात्र इंग्रजीच लागतात, कोडमध्ये थेट देवनागरी आकडा चालत नाही, गंमत म्हणजे तोच आकडा अवतरणचिन्हात घालून इंट फंक्शनला दिला तर तो गुपचूप ओळखतो.

असो. पुढचा आणि मागचा सोप्या. रिकामा असेल तर डिफॉल्ट परत द्या, नसेल तर टोकाचा आयटम. यात एकच विचार करायचा असतो, डिफॉल्ट दिलाच नसेल तर काय. मी आधी नन (पायथनचं ‘काहीच नाही’) परत देत होते, मग लक्षात आलं की सेन्सरने टाइमआउट केला, म्हणजे वेळेत उत्तर दिलं नाही, की मी रीडिंग म्हणून ननच डेकात टाकते, मग मागचाने नन दिलं तर डेक रिकामा आहे की सेन्सर रुसलाय? म्हणून डिफॉल्ट दिला तर तो, नाही दिला तर सरळ इंडेक्स एरर. त्यासाठी एक रिकामं ऑब्जेक्ट बनवून तेच खुणेचं डिफॉल्ट ठेवायचं, नेहमीची युक्ती.

स्लाइसचं मी आधी गेटआयटम (इंडेक्सने आयटम वाचताना चालते ती मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी माझी लिहून केलं. स्लाइस आला तर तुकडा, नाहीतर सुपरकडे (मूळ डेककडे) पाठव. चालत होतं, पण मग साधं शून्याव्या इंडेक्सचं वाचनसुद्धा दर वेळी माझ्या पायथन फंक्शनमधून वळसा घेऊन जायला लागलं. जे काम सी मध्ये थेट होत होतं त्याला मी गेटवर वॉचमन बसवला. काढून टाकलं आणि तुकडा नावाची वेगळी मेथड केली, आतून इटरटूल्सचं आयस्लाइस. आयस्लाइसला उणे आकडे चालत नाहीत, व्हॅल्यू एरर देतं, त्यामुळे स्लाइस ऑब्जेक्टच्या इंडायसेस मेथडला लांबी देऊन आधी ते सरळ करून घ्यायचे. नंतर कळलं की मी ती मेथड अख्ख्या प्रोग्राममध्ये एकदाच वापरते, आणि तिथे आधी लिस्ट करून मग स्लाइस केलं तरी ६० आयटमचाच प्रश्न आहे. तुकडा गेली. तिच्याबद्दल फार बोलायला नको.

ढकल मात्र मला आवडली. आत ढकल आणि बाहेर पडलेला परत दे. भरलेला असेल तर आधी पुढचा धरून ठेव, अपेंड कर (नवा शेवटी जोड), धरलेला परत दे. यात एक कोपरा आहे, मॅक्सलेन शून्य असेल तर डेक कायम भरलेला आणि कायम रिकामा, एकाच वेळी, त्यामुळे पुढचा धरायला गेलात की एरर. शून्य लांबीची टाकी कोण बनवणार म्हणून मी सोडून देणार होते, पण डॉक्युमेंटेशनमधल्या एका नमुन्याप्रमाणे चाचण्या लिहिताना मी स्वतःच शून्य दिलं. तिथे जो ढकलला तोच परत द्यायचा, बस.

आणि इथे, ढकल चालल्यावर, मला ती बुद्धी सुचली.

बाहेर कोण पडलं ते आता कळतंय, मग दर वेळी ६० आकड्यांची बेरीज कशाला करायची? चालती बेरीज ठेवू. नवा आला की मिळव, जुना गेला की वजा कर. आणि ढकलच कशाला, सरळ अपेंडच ओव्हरराइड करू, म्हणजे बाहेरून वापरणाऱ्याला काही कळायलाच नको, नेहमीसारखं अपेंड करा, सरासरी आयती तयार. केलं. अपेंडमध्ये, भरलेला असेल तर पुढचा बेरजेतून वजा, नवा मिळव, मग सुपरचं अपेंड. आठवडाभर मस्त चाललं. मी ग्रुपवर स्क्रीनशॉटपण टाकला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अंगठा दिला.

मग एका रात्री लाइट गेली. पहाटे आली. पाय रीस्टार्ट झाला. आता रीस्टार्ट झाल्यावर ५ मिनिटं खिडकी रिकामी राहू नये म्हणून मी दर मिनिटाला शेवटची ६० रीडिंग फाइलमध्ये लिहून ठेवते आणि सुरू होताना ती वाचून एक्स्टेंडने (एकदम बरेच आयटम जोडणारी मेथड) डेकात भरते. पहिल्या आठवड्यात लाइट गेलीच नव्हती, म्हणून हा रस्ता कधी चाललाच नव्हता. पुण्यात आठवडाभर लाइट न जाणं हा योगायोग माझ्या मुळावर आला म्हणायचं.

त्या सकाळी लॅपटॉप घेऊन बसले आणि आकडे बघत राहिले. डेकमधले साठच्या साठ आकडे बरोबर, ११८ च्या आसपास. सरासरी उणे २. नळ चालू, लोकांच्या आंघोळी चालू, थोड्या वेळाने रीडिंग ११६, सरासरी उणे ४. मग पंप सुरू झाला, पाणी १५० पर्यंत चढलं, सरासरी ३०. म्हणजे आकडा वेडावाकडा नव्हता, तो शिस्तीत हलत होता, फक्त १२० ने खाली. आणि फाइलमधली रात्रीची रीडिंग होती १२०. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला, हे यंत्र पातळी दाखवतच नाहीये, रीस्टार्टपासून पातळी किती बदलली ते दाखवतंय. सुरुवातीचे ६० आकडे बेरजेत कधी मिळवलेच गेले नाहीत, पण बाहेर पडताना मात्र इमानदारीत वजा झाले.

एक्स्टेंड माझ्या अपेंडला विचारतच नाही.

मला वाटायचं एक्स्टेंड म्हणजे आतून एकेक अपेंडच की, आणि सी मध्ये बघितलं तर तसंच आहे, फक्त ते अपेंड सी च्या आतलं खाजगी अपेंड आहे, माझ्या क्लासमधलं नाही. एक्स्टेंड दिलेल्या आयटमवरून एकेक करत फिरतं आणि दर आयटमला थेट आतल्या फंक्शनला हाक मारतं. पायथनच्या बाजूला कोणी अपेंड नावाची मेथड बदलून ठेवलीये का, हे बघायला ते वर येतच नाही, कारण दर आयटमला वर येऊन विचारायचं म्हटलं तर सी मध्ये लिहिण्याचा फायदाच काय उरला. आणि एक्स्टेंडच नाही, इनिटला (डेक तयार होताना चालणाऱ्या मेथडला) सुरुवातीचे आयटम दिले तरी तेच, रोटेट तुमच्या पॉपला विचारत नाही, मॅक्सलेनमुळे जो बाहेर पडतो तो तुमच्या पॉपलेफ्टमधून जात नाही. हे सगळे वरून दिसायला एकमेकांच्या खांद्यावर उभे वाटतात, आत प्रत्येकाची स्वतंत्र भुयारं आहेत.

हे डेकपुरतं नाही. डिक्शनरीचं पण असंच, सेटआयटम ओव्हरराइड केलं तरी अपडेट त्याला धूप घालत नाही. म्हणूनच कलेक्शन्समध्ये यूजरडिक्ट, यूजरलिस्ट, यूजरस्ट्रिंग असे पायथनमध्ये लिहिलेले भाऊबंद ठेवलेत, ज्यांच्यावर बिनधास्त ओव्हरराइड करावं. यूजरडेक मात्र नाही. का नाही म्हणून मी जरा चिडलेसुद्धा, मग वाटलं, माझ्यासारखे लोक त्याचं काय करतील ते दिसतंयच.

दुरुस्तीचा पहिला विचार म्हणजे एक्स्टेंडपण ओव्हरराइड कर. मग एक्स्टेंडलेफ्ट. मग अपेंडलेफ्ट, पॉप, पॉपलेफ्ट, रिमूव्ह, क्लिअर, इन्सर्ट, इंडेक्सने आयटम बदलणं, इंडेक्सने आयटम डिलीट करणं, अधिक-बरोबर, गुणिले-बरोबर. कागदावर यादी लिहिली आणि हसायला आलं, एका बेरजेसाठी अख्खं घर पाडून बांधायचं, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये डेकला नवी मेथड आली की परत गळती. २०१५ साली ३.५ मध्ये इन्सर्ट, कॉपी, इंडेक्स आणि अधिकचं चिन्ह असं सगळं एकदम आलंच होतं की. दुसरा रस्ता म्हणजे इनहेरिटन्स सोडून डेक आत ठेवायचा, बाहेर फक्त मला हव्या त्या तीन मेथड उघड्या ठेवायच्या. कोणी एक्स्टेंड म्हणालं तर नाहीच आहे म्हणून सांगायचं. हा रस्ता बरोबर होता आणि मी तो अर्धा लिहिलासुद्धा.

मग रात्री नवऱ्याला सगळी कथा सांगत होते (तो मेकॅनिकलवाला आहे, त्याला पंपात इंटरेस्ट) तर तो म्हणाला, ६० आकड्यांची बेरीज करायला कॉम्प्युटरला किती वेळ लागतो गं?

काहीच नाही. दर ५ सेकंदांनी ६० आकडे. दिवसाला १७,२८० वेळा. पायला कळणारसुद्धा नाही. सम फंक्शनला थेट डेक द्यायचा.

वरून चालत्या बेरजेत अजून एक विंचू होता तो मला नंतर दिसला. मी मधे टाइमआउटला ननऐवजी नॅन टाकून बघितलं होतं, नॉट अ नंबरवालं. चालत्या बेरजेत एकदा नॅन मिसळला की बेरीज कायमची नॅन, तो खिडकीतून बाहेर पडला तरी, कारण नॅनमधून नॅन वजा केला तरी नॅनच राहतो, शून्य होत नाही. दुधात मीठ पडल्यासारखं. दर वेळी ताजी बेरीज केली तर निदान ५ मिनिटांनी तरी सुटका. शिवाय पॉइंटवाल्या आकड्यांची मिळवामिळवी-वजावजी दिवसचे दिवस चालली की बारीक फरक साचत जातो, टाकीला त्याने काही होत नाही म्हणा, पण पैशाच्या हिशोबात असलं करू नका.

आणि खरं तर सरासरीच नको होती. पडणाऱ्या धारेमुळे एखादं रीडिंग भलतंच आलं की सरासरी ओढली जाते, मिडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) ओढला जात नाही. स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलच्या मिडियनला डेक दिला की झालं, टाइमआउटवाले नन आधी गाळून घ्यायचे. ज्या बेरजेसाठी एवढं रामायण घडलं ती आता प्रोग्राममध्ये कुठेच नाही.

टाकीडेक मात्र आहे, कारण काढ_इतके खरंच लागते. रीडिंग मी एका सर्व्हरवर पण पाठवते, नेट नसलं की दुसऱ्या एका डेकात साठतात, मॅक्सलेन ५,०००, म्हणजे साधारण सात तासांचा साठा. नेट आलं की ५० च्या गठ्ठ्याने पाठवायची. काढ_इतके(५०) म्हणजे पन्नास वेळा पॉपलेफ्ट, मधेच संपले तर आहेत तेवढे. इथे आधी लांबी मोजून तेवढे काढ असं करू नका, दोन थ्रेड (प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी दोन कामं) असतील तर मोजणं आणि काढणं यांच्यामधे दुसरा येऊन काढून जातो. एकेकटं अपेंड किंवा पॉपलेफ्ट थ्रेडसाठी सेफ आहे, पण दोन मिळून केलेली तुमची मेथड सेफ नाही, ढकललाही हेच लागू. काढत जा, इंडेक्स एरर आला की थांब, हे जास्त बरं.

गठ्ठा पाठवताना नेट परत गेलं तर? परत जागेवर ठेवायचा, म्हणजे डाव्या टोकाला. एक्स्टेंडलेफ्ट. आणि एक्स्टेंडलेफ्ट एकेक आयटम डावीकडे टाकत जातं त्यामुळे गठ्ठा उलटा होऊन बसतो, पहिला आयटम सगळ्यात आत. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे आणि तरी मी दर वर्षी एकदा विसरते. आधी रिव्हर्स करून द्यायचा.

पण खरा घोळ पुढे आहे. गठ्ठा बाहेर काढलेला असताना सेन्सर थांबत नाही, नवी रीडिंग येतच असतात. डेक भरलेला असेल आणि तुम्ही जुना गठ्ठा डावीकडून कोंबलात तर मॅक्सलेन उजवीकडून आयटम पाडतं, म्हणजे सगळ्यात ताजी रीडिंग, आणि तेही न बोलता. जुन्याला जागा द्यायला नवं हाकललं. मला उलटं हवं होतं, म्हणून परत_ठेव नावाची मेथड लिहिली: जागा किती शिल्लक आहे ते बघ, गठ्ठ्यातली शेवटची तेवढीच ठेव, बाकीची सोड. शेवटची तेवढी म्हणजे उणे जागा पासून स्लाइस, बरोबर? जागा शून्य असली की उणे शून्य म्हणजे शून्यच, म्हणजे अख्खा गठ्ठा. एकही ठेवू नको म्हटलं की सगळे ठेवतो. ते सुधारायला मी गठ्ठ्याच्या लांबीतून जागा वजा केली आणि तिथून स्लाइस घेतला, तर जागा गठ्ठ्यापेक्षा जास्त असली की आकडा उणे होतो आणि निम्मा गठ्ठा गायब. शेवटी जागा आणि लांबी यातलं जे लहान ते आधी घ्यायचं, मग वजाबाकी. तीन ओळींची मेथड, तीन वेळा लिहिली. चाचण्या लिहिल्या नसत्या तर हे सगळं पुढच्या पावसाळ्यात, नेट गेल्यावर कळलं असतं.

चाचण्यांवरून आठवलं, डेक आणि लिस्ट सारखेच आयटम घेऊन बसले तरी एकमेकांच्या बरोबर नसतात, तुलना केली की फॉल्स. टेस्ट लाल, आकडे सारखे, आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. लिस्ट करून तुलना करा. जेसनमध्ये (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) पाठवतानाही लिस्टच करा, डेक त्याला झेपत नाही.

आणि एक, सबक्लास करणारच असाल तर इनिटची रचना बदलू नका. मी लाडात येऊन पहिलं आर्ग्युमेंट मॅक्सलेन ठेवलं होतं, टाकीडेक(६०) असं लिहायला छान वाटतं म्हणून. मग कुठेतरी कॉपी केलं आणि टाइप एरर. कारण कॉपी तुमच्याच क्लासला हाक मारतं, आधी जुना डेक आणि मग मॅक्सलेन अशा क्रमाने, मूळ डेकची आर्ग्युमेंट जशी असतात तशी. माझ्या इनिटला मॅक्सलेनच्या जागी अख्खा डेक मिळाला. अधिकच्या चिन्हाने दोन डेक जोडले तरी आत कॉपीच होते, तेव्हा तिथेही तेच. म्हणजे ज्या मेथड मी बदलल्या त्यांना सी विचारत नाही, आणि ज्याला विचारावं असं मला वाटलंच नव्हतं त्या इनिटला आठवणीने विचारतं.

आता टाकीडेकमध्ये पुढचा, मागचा, काढ_इतके आणि परत_ठेव एवढंच राहिलंय. ढकल गेली, तिचा बाहेर पडलेला आयटम आता कोणाला नकोय. जुन्या मेथडपैकी एकीलाही हात लावलेला नाही, सगळ्या नव्या, आणि सगळ्या डेकच्याच मेथड बाहेरून वापरतात. लाइट त्यानंतर दोनदा गेली, पातळी बरोबर आली.

परवा चेअरमनकाका जिन्यात भेटले. म्हणाले, "ते उणे दोन-तीन दिसायचं ना, ते बरं होतं गं. रात्रीतून किती पाणी गेलं ते कळायचं. वरच्या कोणाचा तरी फ्लश गळतोय असा मला संशय आहे." मी म्हटलं, काका, ती चूक होती. ते म्हणाले, असू दे, ती परत लाव.

लावली. पेजवर आता पातळीच्या खाली दुसरा आकडा येतो, रात्री बारापासून किती बदल. त्याला डेक लागत नाही, बाराचं एक रीडिंग धरून ठेवलं की झालं. व्हेरिएबलचं नाव चेअरमन ठेवलंय, टाइप करताना त्यात तो अर्धा र येत नाही हे आधी बघून घेतलं.